बॉइंक नावाचा भाडेकरू

भाऊ बंगळूरला गेला तेव्हा त्याचा जुना डेस्कटॉप इंदूरला आमच्या घरी राहिला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोअर, आठ गिगाबाइट मेमरी, त्यावर लिनक्स मिंट. मी शाळेत संगणक शिकवते, त्यामुळे प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रकं त्यावरच होतात. बाकी वेळ तो नुसता बसून असायचा. त्याला कामाला लावायचं म्हणून बॉइंक बसवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बॉइंक हे स्वयंसेवी संगणनाचं सॉफ्टवेअर. संशोधन प्रकल्पाचा सर्व्हर हिशोबाचे तुकडे पाठवतो, आपला संगणक मोकळ्या वेळात ते सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. परग्रहावरून येणारे रेडिओ संकेत हुडकणारा सेटी ॲट होम १९९९ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाला. पुढे तिथल्याच मंडळींनी कुठल्याही प्रकल्पाला वापरता येईल असं बॉइंक काढलं. सेटीने मार्च २०२० अखेर नवं काम देणं थांबवलं, पण बॉइंकवर इतर बरंच काही चालू आहे. आइन्स्टाइन ॲट होम पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत स्पंदनं पाठवणारे तारे, शोधतं, रोझेटा ॲट होम प्रथिनांच्या घड्या कशा पडतात ते बघतं, आणि सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचं एलएचसी ॲट होम २००४ पासून चालू आहे.

मी सर्नचं निवडलं, त्याला कारण आमची गल्ली. आम्ही राजेंद्रनगरात राहतो. इथून कॅट हे संशोधन केंद्र जवळच. त्याचं नाव २००५ साली बदलून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं, तरी राजेंद्रनगरात अजून सगळे कॅटच म्हणतात. आमच्या ओळीत तिथून निवृत्त झालेले एक काका आहेत. एलएचसी म्हणजे सर्नचं कणांच्या टकरी घडवणारं यंत्र; त्याच्या जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात १,२३२ मोठे द्विध्रुव चुंबक आहेत, एकेक १५ मीटर लांब. ते ज्या जॅकवर टेकलेत ते जॅक आणि त्या चुंबकांमधले बारीक दोष सुधारणारे छोटे अतिवाहक चुंबक भारताने दिले, आणि त्या कामाची मध्यवर्ती जबाबदारी कॅटकडे होती. काकांकडून हे लहानपणापासून ऐकलेलं. त्याच यंत्राचा हिशोब आपल्या दिवाणखान्यात होऊ शकतो म्हटल्यावर दुसरा प्रकल्प बघायचं कारणच उरलं नाही.

बसवणं सोपं. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, बॉइंक शोधा, इन्स्टॉल. पण बॉइंक मॅनेजर, म्हणजे बॉइंक हाताळायची खिडकी, उघडला तर खाली कोपऱ्यात 'डिस्कनेक्टेड'. थोड्या वेळाने पासवर्ड चुकीचा असल्याची तक्रार. मी तर कुठलाच पासवर्ड दिला नव्हता!

इथे एक गोष्ट समजली आणि पुढच्या बहुतेक अडचणींना तीच पुरली. लिनक्सवर पॅकेजमधून बसवलेलं बॉइंक तुमच्या नावाने चालत नाही. 'बॉइंक' नावाचा एक वेगळा वापरकर्ता तयार होतो आणि क्लायंट, म्हणजे प्रत्यक्ष हिशोब चालवणारा भाग, त्याच्या नावाने, पार्श्वभूमीतली सेवा म्हणून चालतो. तो तुमच्याच घरात राहतो, पण भाडेकरू म्हणून. त्याची खोली वेगळी, म्हणजे 'वार'च्या खाली 'लिब'मधला 'बॉइंक' फोल्डर. त्याच्या किल्ल्या वेगळ्या. जे दार तुम्हाला उघडं आहे ते त्याला उघडं असेलच असं नाही, आणि उलटही.

मॅनेजर माझ्या नावाने उघडतो आणि ३१४१६ या पोर्टवरून क्लायंटशी बोलतो. (गणितातला पाय (π) शिकवलेल्या कुठल्याही शिक्षकाला हा आकडा बघून हसू येईल.) बोलण्यासाठी लागणारा पासवर्ड भाडेकरूच्या खोलीतल्या एका फाईलमध्ये असतो आणि ती फाईल 'बॉइंक' गटातल्या लोकांनाच वाचता येते. 'युजरमॉड' वापरून स्वतःला त्या गटात घातलं. तरी 'डिस्कनेक्टेड'च. गटातला बदल नव्याने लॉगइन केल्यावरच लागू होतो, हे मुलांना शिकवताना मी दरवर्षी सांगते. लॉगआऊट करून परत आले आणि मॅनेजर निमूटपणे जोडला गेला.

खातं काढलं, प्रकल्प जोडला, काम येईना.

काम न येण्याची कारणं दोन जातींची असतात आणि ती आधी वेगळी केली नाहीत तर माणूस उगाच राबतो. एक, प्रकल्पाकडेच या घडीला काम नसतं. लॉगमध्ये, म्हणजे बॉइंकच्या नोंदींमध्ये, तसं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि त्यावर आपल्याकडे काहीही उपाय नसतो. 'अपडेट'चं बटण पुन्हा पुन्हा दाबून तर मुळीच नाही, कारण सर्व्हर दोन विनंत्यांमध्ये ठरावीक अंतर मागतो आणि तेवढं थांबावंच लागतं. दुसरी जात म्हणजे काम आहे, पण तुमचं यंत्र त्याला पात्र नाही असं सर्व्हरचं किंवा क्लायंटचं मत झालेलं असतं. ते मत कशावरून झालं हे बघायला क्लायंट सुरू होतानाच्या पहिल्या वीस-पंचवीस ओळी वाचायच्या. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, डिस्क किती, ग्राफिक्स सापडलं का, व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) सापडलं का, सगळं तिथे असतं. बहुतेक लोक लॉगची शेवटची लाल ओळ वाचतात. मला विचाराल तर बॉइंकचा लॉग वरून वाचावा.

माझ्याकडे वरच लिहिलं होतं की व्हर्च्युअलबॉक्स नाही. एलएचसी ॲट होमची बरीचशी कामं आभासी यंत्रात चालतात. सर्नच्या शास्त्रज्ञांचं सॉफ्टवेअर त्यांच्या स्वतःच्या लिनक्सवर घडलेलं. ते जगभरच्या विंडोज, मॅक आणि नाना लिनक्सांवर नव्याने बसवण्यापेक्षा अख्खा छोटा संगणकच व्हर्च्युअलबॉक्समध्ये घालून पाठवायचा, अशी युक्ती. त्यातलं 'थिअरी' नावाचं काम माझ्या यंत्राला झेपण्यासारखं. कणांच्या टकरींचे सैद्धांतिक अंदाज संगणकावर काढायचे आणि ते प्रत्यक्ष प्रयोगांच्या मोजमापांशी ताडून बघायचे, हा त्याचा विषय. मेमरी एका गिगाबाइटच्या आत. 'ॲटलस'ची कामं काही गिगाबाइट खातात, म्हणून ती प्रकल्पाच्या पसंतीत आधीच बंद केली. आठ गिगाबाइटच्या घरात एवढ्या मोठ्या पाहुण्याला बोलावू नये.

व्हर्च्युअलबॉक्स बसवलं, सेवा पुन्हा सुरू केली, लॉगमध्ये त्याची आवृत्ती दिसली. काम आलं आणि लगेच कोसळलं. आता निदान कारण सरळ होतं, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन (आभासी यंत्रांसाठीची प्रोसेसरची सोय) बंद होतं. जुन्या मदरबोर्डांवर ते बंदच येई. चालू केलं. त्यानंतर काम येणंच थांबलं!

यात पुष्कळ वेळ गेला. बायोस बरोबर, व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्वतः एक आभासी यंत्र चालवून पाहिलं तर तेही बरोबर, पण सर्व्हर काही देईना. उत्तर निघालं 'क्लायंट स्टेट' या फाईलमध्ये. बॉइंक आपली सगळी स्मृती तिथे ठेवतं. एकदा आभासी यंत्र अपयशी झालं की या संगणकावर व्हर्च्युअलायझेशन बंद आहे अशी खूण त्यात पडते, आणि तुम्ही बायोस सुधारला तरी ती खूण आपोआप पुसली जात नाही. ती ओळ काढायची, पण आधी सेवा थांबवून. चालू क्लायंट ही फाईल आपल्या मनातल्या माहितीवरून सतत लिहीत असतो, त्यामुळे तो चालू असताना केलेली दुरुस्ती डोळ्यांदेखत नाहीशी होते. थांबवलं, मूळ फाईलची प्रत ठेवली, ओळ काढली, सुरू केलं. काम आलं.

आणि तिथेच अडकलं. या वेळी संदेश असा की आभासी यंत्र आटोक्यात येत नाही, नंतर बघू, काम पुढे ढकललं आहे. इंग्रजीतली ती 'पोस्टपोन्ड'ची ओळ ज्याने पाहिली असेल त्याला माझी अवस्था कळेल. काम मेलेलं नसतं, जिवंतही नसतं. टक्के शून्यावर, घड्याळ चालू.

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, बॉइंक वापरकर्त्याला व्हर्च्युअलबॉक्सच्या गटात घातलंस का?" हे सगळेच सांगतात. घातलं, फरक पडला नाही. नंतर वाचलं तर तो गट मुख्यतः यूएसबीच्या उपकरणांसाठी असतो, आमच्या कामात यूएसबीचा संबंधच नव्हता.

मग भाडेकरूचा विचार पुन्हा केला. व्हर्च्युअलबॉक्स माझ्या हातात चालतंय, त्याच्या हातात चालतंय का? हे तपासायची सोय लिनक्समध्ये आहे. 'सुडो'ला 'यू' लावून बॉइंकचं नाव द्यायचं आणि मग आज्ञा, म्हणजे ती आज्ञा त्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. अशा रीतीने व्हर्च्युअलबॉक्सला यंत्राची माहिती विचारली. सुरळीत उत्तर आलं. म्हणजे भाडेकरूच्या किल्ल्या बरोबर आहेत, तरी सेवेतून चालवलं की अडतंय.

संध्याकाळी काका आले होते, आईशी काहीतरी बोलायला. मी दोन्ही निकाल त्यांना दाखवले. ते संगणकवाले नव्हेत, पण आयुष्यभर यंत्रं जुळवलेला माणूस. म्हणाले, "अगं, मग तो माणूस तोच आहे ना? मग जागा वेगळी असणार. तो कुठे उभा राहून काम करतोय ते बघ."

सेवा सांभाळणाऱ्या 'सिस्टिमसीटीएल' या आज्ञेला सेवेची फाईल दाखवायला सांगितलं आणि उत्तर समोरच लिहिलेलं. त्यात 'प्रोटेक्ट सिस्टिम' नावाची ओळ होती, किंमत 'स्ट्रिक्ट'. याचा अर्थ, या सेवेसाठी जवळजवळ सगळी फाईल प्रणाली फक्त वाचण्यापुरती. लिहायची परवानगी बॉइंकच्या स्वतःच्या फोल्डरांमध्येच. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. अनोळखी सर्व्हरवरून आलेला प्रोग्रॅम घरात चालवायचा तर त्याच्याभोवती भिंत हवीच. पण व्हर्च्युअलबॉक्स आपले वेगवेगळे भाग एकमेकांशी बोलावेत म्हणून 'टेम्प' फोल्डरमध्ये एक छोटी जागा करतं. टर्मिनलवरून मी चालवलं तेव्हा ही भिंत नव्हतीच, ती फक्त सेवेभोवती असते. म्हणून माझी चाचणी पास आणि खरं काम नापास.

उपाय एका ओळीचा. मूळ फाईलला हात लावायचा नाही, कारण पुढच्या अपडेटला ती बदलून जाते. 'सिस्टिमसीटीएल'च्या 'एडिट'ने वेगळी पुरवणी फाईल उघडते, तिथे 'सर्व्हिस' या मथळ्याखाली लिहायच्या वाटांमध्ये 'टेम्प' वाढवायचा. सेवा पुन्हा सुरू केली. पंखा फिरायला लागला, टक्के हलले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय गं, मिक्सर लावलास?"

पहिलं 'थिअरी' काम पूर्ण होऊन वैध ठरलं तेव्हा खात्यात थोडे क्रेडिट आले. क्रेडिट म्हणजे पैसे नव्हेत, केलेल्या कामाचं माप; सेकंदाला एक अब्ज आकडेमोडी करणारं यंत्र दिवसभरात जे करेल त्याला २०० क्रेडिट, असा मूळ हिशोब. दुकानात त्याचं काही मिळत नाही. तरी मी काकांना दाखवलं आणि त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं.

त्यानंतर उन्हाळा आला आणि अडचणींची जातच बदलली. संगणक मधूनच आपला आपण बंद पडायला लागला. यात किल्ल्या-कुलपांचा काही दोष नव्हता. तापमान दाखवणारी 'सेन्सर्स' ही आज्ञा चालवून ठेवली तर चारही कोअर नव्वदच्या वर. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू, खोलीत दुपारी बसवत नाही, आणि आत चार कोअर पूर्ण ताकदीने. स्वच्छतेत आमचं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशात पहिलं येतंय, पण हीटसिंकवरून जी गादी निघाली ती पाहता कॅबिनेटमध्ये कुणी सर्वेक्षण केलेलं नव्हतं. धूळ काढली, आरएनटी मार्गावरच्या दुकानातून थर्मल पेस्ट आणून लावली. बराच फरक पडला, पण दुपारसाठी पुरेसा नाही.

बॉइंकमध्ये ताप कमी करायच्या दोन किल्ल्या आहेत आणि लोक हमखास चुकीची फिरवतात. एक आहे प्रोसेसरचा किती टक्के वेळ वापरायचा. ती कमी केली की बॉइंक काम क्षणभर चालवतं, क्षणभर थांबवतं, पुन्हा चालवतं. तापमान वरखाली होत राहतं, पंखा धापा टाकतो, आणि आभासी यंत्राला तर ही धरसोड मुळीच मानवत नाही. दुसरी आहे किती टक्के प्रोसेसर वापरायचे. चारपैकी दोनच कोअर द्यायचे पण ते सलग चालू द्यायचे. मी पन्नास टक्के कोअर आणि शंभर टक्के वेळ असं ठेवलंय. त्यावर वेळापत्रक लावलं, रात्री अकरा ते सकाळी सात. माळव्यातली रात्र उन्हाळ्यातही उतरते, शब-ए-मालवाची कीर्ती काही उगाच झालेली नाही. वीजही मर्यादेत राहते: हा प्रोसेसर पूर्ण ताकदीला ६५ वॅटचा, म्हणजे त्याची आठ तासांची रात्र साधारण अर्ध्या युनिटची. आईने तेवढं मंजूर केलं.

वेळापत्रकामुळे एक नवीन गोष्ट सांभाळावी लागली. सकाळी सातला काम थांबतं तेव्हा ते मेमरीत राहू द्यायचं की काढून टाकायचं, असा पर्याय असतो. साध्या कामांना काढून टाकलं तरी चालतं, ती मधूनमधून आपली प्रगती डिस्कवर लिहून ठेवतात आणि तिथूनच पुढे जातात. आभासी यंत्राचं काम मेमरीत ठेवलेलं बरं. दिवसभर मेमरी अडते हे खरं, पण निकालपत्रकांना अशी किती लागते?

ग्राफिक्सचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण शेवटी ते मी बंदच केलं. आइन्स्टाइन ॲट होमसाठी प्रोसेसरमधलं इंटेल ग्राफिक्स वापरता येईल का बघत होते. ग्राफिक्सकडून आकडेमोड करून घ्यायला लागणारं ओपनसीएलचं पॅकेज बसवलं, माहिती दाखवणाऱ्या आज्ञेत ग्राफिक्स दिसलं, बॉइंकच्या लॉगमध्ये मात्र वापरण्याजोगं काही सापडलं नाही अशी ओळ. तोपर्यंत मी शहाणी झाले होते, तीच आज्ञा बॉइंकच्या नावाने चालवली. रिकामं उत्तर. पडद्यासमोर बसून लॉगइन करणाऱ्याला लिनक्स ग्राफिक्सचं दार त्या सत्रापुरतं आपोआप उघडून देतं. बॉइंक कधी पडद्यासमोर बसतच नाही, म्हणून त्याला 'रेंडर' गटात मुद्दाम घालावं लागतं. घातल्यावर सापडलं. पण हे ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात, ताप दोघांचा एकत्र. नव्वदवरून खाली आणलेला आकडा पुन्हा चढायला लागला तसं ते काढून टाकलं.

अजून एक त्रास अधूनमधून येतो तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, अपडेटनंतर. व्हर्च्युअलबॉक्सचा एक तुकडा कर्नलमध्ये बसतो आणि नवं कर्नल आलं की तो नव्याने घडवावा लागतो. हेडर फाईली असतील तर हे आपोआप होतं. नसतील तर बॉइंक पुन्हा 'पोस्टपोन्ड' म्हणतं आणि तुम्ही पुन्हा किल्ल्या तपासत बसता. आता अपडेटनंतर लॉगच्या आधी तो तुकडा भरलाय का ते बघते.

परवा भावाचा उलट फोन आला. त्याने नव्या लॅपटॉपवर बॉइंक बसवलं होतं आणि आभासी यंत्र सुरूच होत नव्हतं. मी मोठ्या ऐटीत त्याला 'टेम्प'ची ओळ सांगितली. त्याने घातली, काही झालं नाही. "ताई, हे तर माझ्या नावानेसुद्धा चालत नाहीये," म्हणाला. म्हणजे प्रश्न भाडेकरूचा नव्हताच. त्याला कर्नलची आवृत्ती विचारली, ६.१२. त्या आवृत्तीपासून आभासी यंत्रं चालवणारी लिनक्सची स्वतःची केव्हीएम ही व्यवस्था सुरू होतानाच प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन ताब्यात घेते आणि व्हर्च्युअलबॉक्सला हात लावू देत नाही. केव्हीएमचा मॉड्यूल काढायचा, किंवा बूट होताना त्याला सुरुवातीलाच ताबा घेऊ नकोस असं सांगायचं. त्याने फोनवरच मॉड्यूल काढला आणि यंत्र सुरू झालं. बूटची ओळ शनिवारी घालतो म्हणाला, तोपर्यंत लॅपटॉप बंद करायचा नाही असं ठरलंय.